सतरा टक्के ओलावा

ओलावा मोजायच्या मीटरचा स्टीलचा पेला भर दुपारीही हाताला गार लागायचा. केंद्र सुरू झालं त्या पहिल्याच दिवशी दर्शनाच्या हे लक्षात आलं होतं. बाहेर पत्रा तापलेला, भाताची मूठ भरली तर तळव्याला चटका बसावा, आणि ते भात ज्यात ओतायचं तो पेला मात्र नुकताच विहिरीतून वर काढल्यासारखा. तिने त्यावर विचार केला तो एवढाच, की चला, हाताला बरं वाटतंय.

कातळपाड्याचं भात खरेदी केंद्र म्हणजे सोसायटीचं जुनं गोदाम, पुढे पत्र्याची पडवी आणि पडवीच्या टोकाला काचेच्या दरवाजाची केबिन. गोदामाला संडास नव्हता. पावसाळ्यात पत्रा तीन ठिकाणी गळायचा. पिण्याच्या पाण्याचं पिंप होतं, त्याला पेला नव्हता. पण केबिनला एसी होता. तो आपल्यासाठी नाही, असं केंद्रप्रमुख ठोंबरे साहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःहून सांगत. मंजुरीच्या कागदावर स्वच्छ लिहिलेलं होतं: 'नाजूक शासकीय उपकरणाच्या संरक्षणार्थ'. उपकरण टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर असायचं आणि साहेब उजव्या. उपकरणाला अठरा अंश तापमान मानवतं, असं साहेबांचं मत होतं. उपकरणाचं मत कोणी विचारलं नव्हतं.

दर्शना कर्जतच्या कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. केंद्रावर ती प्रतवारी सहायक होती, करारावर. करार एकतीस डिसेंबरला संपणार होता, आणि साहेबांनी 'समाधानकारक' असा शेरा मारला तर पुढे अकरा महिन्यांचा होणार होता. नेमणुकीचं पत्र तिच्या वडिलांनी, कोंडीरामने, खोपोलीला जाऊन लॅमिनेट करून आणलं आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली लावलं. बौद्धवाडीत दोन शिक्षक होते, एक बँकेत होता, एक रेल्वेत. पण ज्याच्यासमोर पाटलापासून सगळ्यांनी रांग लावावी आणि ज्याने मान न उचलता 'नापास' म्हणावं, असं माणूस वाडीत पहिलंच.

काम सोपं होतं. पोकळ, टोकदार सळई पोत्यात खुपसायची, आतून मूठभर भात काढायचं, पेल्यात ओतायचं, बटण दाबायचं. सतरा टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पास. वर असेल तर दोन शब्द बोलायचे: "वाळवून आणा."

यंदा परतीचा पाऊस दिवाळीनंतरही परतायचं नाव घेईना. कापलेलं भात शेतात भिजलं, काही ठिकाणी उभ्या लोंब्यांना कोंब फुटले. त्यामुळे सुरुवातीला नापास होणारं भात खरोखरच ओलं असायचं आणि कोणी फारसं भांडत नव्हतं. लोक केंद्रासमोरच्या डांबरी रस्त्यावर ताडपत्री टाकून भात पसरत, पायाने हलवत, दोन तास उन्हात उभे राहत, आणि गरमागरम भात पोत्यात भरून पुन्हा आत आणत. मीटर म्हणायचा, सतरा पूर्णांक चार. परत ताडपत्री. परत ऊन. सतरा पूर्णांक पाच.

"वाळवल्यावं वाढतंय?" अंबूबाई विचारायची. ती नदीपलीकडची, एकटी म्हातारी, तिची दोनच पोती. "माझ्या सासूचं पन असंच हुतं. औषद दिलं की दुखनं वाढायचं."

रांग हसायची. दर्शनाही हसली होती. "वाळवून आणा, आजी," असं म्हणाली होती.

मग तिच्या भावाची पाळी आली. रुपेश साजगावच्या एका कारखान्यात सात वर्षं ठेकेदाराकडे होता. ठेकेदार बदलला, तेव्हा नव्या ठेकेदाराने नवी माणसं आणली. रुपेश घरी आला आणि वडिलांच्या दोन एकरांत उतरला, तेही कुठल्याशा फार्महाऊसवाल्याने वरचा पाट बुजवून झाल्यावर. तरी खायचं ठेवून बारा पोती भात झालं. कोंडीरामने एक दाणा दाताखाली धरला, टक् असा आवाज आला, आणि तो म्हणाला, "वाळलं. घेऊन जा." कोंडीरामचे वरचे दोन दात गेले होते, पण भातासाठी लागणारे शाबूत होते. चाळीस वर्षांत त्या दातांनी एकदाही चुकीचा आकडा दिला नव्हता. त्यांना दशांश तेवढे येत नव्हते.

रुपेशला टोकन मिळालं दुपारी एकचं. सकाळची टोकनं 'मोठ्या मालासाठी' राखून ठेवलेली असत. मीटर म्हणाला, सतरा पूर्णांक सहा.

"वाळवून आणा," दर्शना म्हणाली. भावाला एकेरीत म्हणायला हवं होतं, पण रांग बघत होती.

तो तीनदा आला. तिसऱ्यांदाही नापास झाला. गावातल्या पदूच्या टेंपोत पोती परत चढवली आणि शिळफाट्याच्या एका व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात घालून आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मोठ्या मालाची गाडी लागली. गाडी व्यापाऱ्याची, सातबारे भलत्यांचेच, पण ते तपासणं प्रतवारी सहायकाच्या कामात बसत नव्हतं. दर्शनाने सळई उचलली आणि तशीच थांबली. समोरच्या पोत्याचं तोंड हिरव्या चिंधीने शिवलेलं होतं. परवा घरात सुतळी संपली म्हणून आईने, ठकूबाईने, जुन्या लुगड्याचा काठ फाडून दाभणात ओवला होता. हिरवा, मधे पिवळी रेघ. अशी बारा पोती.

तिने भात काढलं. पेल्यात ओतलं. पंधरा पूर्णांक आठ.

एका रात्रीत, व्यापाऱ्याच्या बंद गाळ्यात, तेच भात जवळजवळ दोन टक्के वाळलं होतं. चमत्कार मानायला दर्शनाची हरकत नव्हती. पण तिचं शिक्षण आड आलं.

त्या दुपारी तिने एक घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा भाताने भरला. डब्यातून वाफ बाहेर जाणार नाही की आत येणार नाही. सकाळी मोजलं, डबा उन्हात ठेवून दुपारी मोजलं. रोज दुपारी आकडा दीड ते दोन टक्क्यांनी वर. मग साहेब जेवायला गेले असताना मीटर तासभर बाहेर सावलीत ठेवला, डबाही शेजारी ठेवला, आणि मोजलं. आकडा सकाळचा. एका शंभर पानी वहीत तिने बावीस वेळा मोजून तक्ता केला. शेवटच्या ओळीखाली तारीख घातली: चोवीस नोव्हेंबर.

गोष्ट एवढीच होती. तापलेलं भात गार मीटरमध्ये घातलं की मीटर फसतो आणि ओलावा चढवून सांगतो. शेतकरी भात जितकं मन लावून उन्हात वाळवेल तितकं ते तापेल, आणि जितकं तापेल तितकं नापास होईल. मीटर एसीत ठेवला होता, कारण तो नाजूक होता. आणि एसी लावला होता, कारण मीटर होता. या वर्तुळात साहेबांची खुर्ची अगदी मधोमध आली होती.

ती वही घेऊन केबिनमध्ये गेली. साहेबांनी सगळे आकडे शांतपणे पाहिले.

"छान काढलेत हो. अक्षर सुरेख आहे तुमचं."

"सर, मीटर बाहेर पडवीत ठेवला तर—"

"आणि धुळीने बिघडला तर? वसुली कोणाच्या पगारातून?"

"मग निदान एसी बंद—"

साहेबांनी चष्मा काढला. "मॅडम, एसी उपकरणासाठी मंजूर आहे. उपकरणाला एसी नको, असं तुम्ही लेखी दिलंत तर एसी जाईल. एसी गेला की लेखापरीक्षण विचारणार, मग आणला कशाला? मग महिनाभर नापास केलेल्यांचं काय, असं पेपरवाले विचारणार. आणि ते नापास केले कोणी? सही कोणाची आहे प्रत्येक पावतीवर?"

सही तिची होती.

"एकतीस तारीख होऊन जाऊ दे," साहेब मायेने म्हणाले. "नवीन करार झाला की आपण बसून बोलू. विज्ञान कुठे पळून जातंय?"

विज्ञान पळून गेलं नाही. ते वहीत घडी घालून दर्शनाच्या पर्समध्ये राहिलं. उद्या सांगू, असं ती रोज ठरवायची. ओळखीच्या दोघातिघांना तिने हळूच म्हणून पाहिलं, "सकाळी आणता आलं तर बघा." त्यांनी सकाळचं टोकन मागितलं, सकाळची टोकनं संपलेली होती. म्हणून बाकी सगळ्यांना ती पूर्वीसारखंच म्हणत राहिली, वाळवून आणा. फरक इतकाच, की आता ती ते खाली बघून म्हणायची.

मात्र एक गोष्ट तिच्याइतकीच रस्त्यावरच्या लोकांच्याही लक्षात आली होती. सकाळी व्यापाऱ्याचा माल पास, दुपारी आपला नापास. निरीक्षण अचूक होतं. कारण कोणी सांगत नव्हतं, म्हणून लोकांनी ते बाहेरून आणलं. पुरवठा करायला कमलेश तयारच होता.

कमलेश पूर्वी नेरळला प्लॉट विकायचा. एकच प्लॉट तिघांना विकल्याचा आरोप झाल्यावर त्याने तो धंदा सोडला आणि इतिहासाचा अभ्यास सुरू केला. त्यातून त्याला असं आढळलं, की इंग्रजांनी हा सगळा मुलूख सरकारला नव्याण्णव वर्षांच्या भाड्याने दिला होता आणि ती मुदत केव्हाच उलटून गेली आहे. म्हणजे सरकार हा भाडेकरू. तोही मुदत संपलेला, खोली न सोडणारा. आणि आपण घरमालक. त्याने 'भूस्वामी शासन' स्थापन केलं, गावाच्या वेशीवर लाल फलक लावले, 'भाडेकरूंच्या नोकरांना प्रवेश बंद', आणि सभासद करून घ्यायला सुरुवात केली. सरकारच मानायचं नाही, हा विचार लोकांना पटायला वेळ लागला नाही. अर्ज भरायला मात्र वेळ लागला. तीन प्रतींत भरावा लागे. दोन फोटो, आणि आधार कार्डाची झेरॉक्स.

"आधार कशाला? आपन तर आधार मानत नाय ना?" पदूने विचारलं होतं.

"ओळख पटवायला," कमलेश म्हणाला. "उद्या कोणी पन येऊन म्हनेल, मी घरमालक."

मीटरचं कोडंही त्याने सोडवलं. आकडा दिल्लीहून उपग्रहामार्फत येतो, आणि दुपारी बारा ते चार उपग्रह बरोबर कातळपाड्याच्या डोक्यावर असतो. दर्शनाने हे ऐकलं तेव्हा तिला हसू आलं नाही. वेळ बरोबर होती. चढणारा आकडा बरोबर होता. निष्कर्ष तेवढा दिल्लीला गेला होता, कारण केबिनपर्यंत जायचा रस्ता ती स्वतः अडवून बसली होती.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रुपेशने जेवताना खिशातून कार्ड काढून ताटाशेजारी ठेवलं. लाल, चकचकीत, त्याच्या फोटोखाली 'मूळ मालक'.

"ह्ये काय रं?" कोंडीरामने विचारलं.

"भूस्वामी शासन. आता आपन मालक हाव, आबा."

"कशाचे?"

"देशाचे."

"बरं झालं. मग त्यो वरचा पाट तेवढा उकरून घे आदी. देशाचा मालक नि शेतात पानी नाय, शोभत नाय."

ठकूबाई भाकरी वाढता वाढता हसली. रुपेश हसला नाही.

"कार्डावं मागं काय लिवलंय?" कोंडीरामने कार्ड उलटं करून दिव्याकडे धरलं. त्याला बारीक अक्षर दिसत नसे. दर्शनाने वाचून दाखवलं, कारण कोणीतरी वाचायला हवं होतं. 'भाडेकरू सरकारचे कायदे व संविधान कार्डधारकास बंधनकारक नाही.'

कोंडीरामने भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. मग म्हणाला, "चौदा एप्रिलला हार कुनाला घालतोस रं मग? का त्यो पन कमलेश पाठवनारे, तीन प्रतीत?"

"आबा, घटनेनं मला काय दिलं? सतरा पूर्णांक सहा?"

"घटनेनं तुज्या बहिनीला खुर्ची दिली."

"आनि बहिनीनं काय दिलं?" रुपेश तिच्याकडे न बघता म्हणाला. "वाळवून आना."

दर्शनाने भाकरीचा तुकडा मोडला. मोडलेला तुकडा पुन्हा मोडला. पर्स तिच्या मागेच खुंटीला लटकत होती.

"तुजा माल वाळलेलाच हुता," कोंडीराम हट्टाने म्हणाला. "मी चावून बघितला. यंत्र खोटं हाय नायतर माजा दात. काय गं दर्शने, तू शिकलेली, तू सांग."

"मशीन सरकारी आहे, आबा," ती म्हणाली. खोटं नव्हतं.

त्यानंतर गोष्टी भराभर झाल्या. आधी कमलेशच्या माणसांनी तलाठ्याला त्याच्याच कार्यालयात दोन तास कोंडलं. त्याला चहा दिला, आणि चहाचे पैसे भाड्यातून वळते करून घेतल्याची पावतीही दिली. त्याचा व्हिडिओ फिरला, लोक हसले. मग एका मोजणीदाराची मोटरसायकल पेटवली. ती त्याच्या मेहुण्याची होती. त्यावर कमी लोक हसले. मग कमलेशने सोसायटीच्या भिंतीवर 'भाडेकरूंचे दलाल' म्हणून नावांची यादी चिकटवली. आठव्या क्रमांकावर दर्शनाचं नाव होतं, शुद्ध लिहिलेलं. यादीचं टायपिंग रुपेशच्या मोबाईलवर झालं होतं. आठवं नाव कोणी घातलं हे तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

जिल्ह्याचे अधिकारी एकोणतीस डिसेंबरला पाहणीला येणार होते. साहेबांनी पिंपाला पेला आणवला.

त्या दिवशी दुपारी दीडला केंद्रासमोर साठ-सत्तर माणसं होती. निम्म्यांच्या गळ्यात लाल फडकी. बंदोबस्ताला आलेला एक हवालदार पडवीत खुर्ची टाकून मोबाईलवर क्रिकेट बघत होता. अंबूबाई चौथ्या खेपेला आली होती. पोत्यांना टेकून, गोदामाच्या दारातच बसली होती. "आज पन नाय झालं तर मीच पेल्यात बसते," ती म्हणाली, "मी तरी वाळलेली निघते का बघू." रस्त्यापलीकडे कमलेशची गाडी उभी होती, इंजिन चालू. नेतृत्व सुरक्षित राहिलं पाहिजे, असं त्याने आधीच समजावून सांगितलं होतं.

पदूचा टेंपो आला. मागे रुपेश. दहा पोती. घरात आता दहा पोती भात नव्हतं, हे दर्शनाला माहीत होतं. खाण्यासाठी ठेवलेलं थोडं भात फक्त होतं.

तिने सळई पहिल्या पोत्यात घातली. भाताचा कोंडा आला. दुसऱ्या पोत्यात घातली तेव्हा हातभर आत गेल्यावर सळई कशावर तरी आपटली. प्लास्टिक. बाहेर काढली तर टोक ओलं आणि तेलकट. तिने ते नाकाजवळ नेलं. हा ओलावा मोजायला मीटर लागत नव्हता. डिझेल.

रुपेश अगदी जवळ उभा होता. खूप हळू म्हणाला, "ताये, दोनला जेवायला जा. घरी जा. लवकर जा."

"आत सगळ्यांचं भात आहे, रुपेश. पास झालेलं."

"व्यापाऱ्याचं."

"दारात अंबूआजी आहे."

"तिला उठवनार हाव आमी. हॉर्न वाजला की उठवनार." त्याचा ओठ थरथरत होता. लहानपणी शिक्षा व्हायच्या आधी थरथरायचा तसाच. "तू जा ना गं."

तिने घड्याळ पाहिलं. दोनला बारा मिनिटं कमी होती. हवालदार आठ पावलांवर होता. त्याला एक वाक्य सांगितलं असतं तर रुपेश संध्याकाळच्या आत खालापूरच्या कोठडीत गेला असता आणि कमलेश गाडीतून थेट नेरळला. जेवायला गेली असती तर दहा वर्षांनी कधीतरी कोणी विचारलं असतं, तू कुठे होतीस. त्याचं उत्तर 'जेवत होते' असं आलं असतं.

दर्शना केबिनमध्ये गेली. मीटरची वायर काढली, त्याला दोन्ही हातांनी उचललं आणि दरवाजा खांद्याने ढकलून बाहेर आली.

"मॅडम! अहो मॅडम, कुठे?" साहेब खुर्चीतून उठले. एसीतून बाहेर येताना त्यांच्या चष्म्यावर काही जमलं नाही, तरी त्यांनी सवयीने तो पुसला. "नाजूक आहे ते!"

तिने पडवीच्या कडेला, सावलीत, तोलाईचं टेबल ओढलं. त्यावर मीटर ठेवला. अंबूबाईच्या पोत्यातून भात काढून सुपात पातळ पसरलं आणि सूप मीटरच्या शेजारी ठेवलं. मीटर आणि भात, दोघं एकाच सावलीत. या केंद्रावर हे लोकांसमोर पहिल्यांदाच घडत होतं.

"आता काय?" गर्दीतून कोणी ओरडलं.

"वीस मिनिटं थांबा," दर्शना म्हणाली.

"दोन महिनं थांबलाव!"

"मग वीस मिनिटं जड नाहीत."

ती सुपातलं भात बोटांनी सारखं करत राहिली. गर्दी आधी ओरडली, मग कुजबुजली, मग जवळ सरकली. काहीतरी चाललंय आणि काय ते कळत नाही, याच्याइतकं माणसाला दुसरं काही धरून ठेवत नाही. हवालदारानेही क्रिकेट थांबवलं. पदू टेबलाला कोपर टेकून उभा राहिला. रुपेश टेंपोच्या फाळक्याला हात लावून उभा होता. त्याचा हात खिशाकडे गेला, परत आला.

दोन वाजता कमलेशने हॉर्न वाजवला. कोणी वळून पाहिलं नाही. त्याने पुन्हा वाजवला, लांब.

"कोन त्यो मढ्यावानी बोंबलतोय?" अंबूबाई म्हणाली. "बाय काम करतेय ना हितं."

दोन वाजून आठ मिनिटांनी दर्शनाने पेल्याला हात लावला. पेला गार नव्हता. तिने भात ओतलं, बटण दाबलं. शेवटचा आकडा थोडा हलला आणि स्थिर झाला. तिने मीटर उचलून लोकांकडे वळवला.

पंधरा पूर्णांक नऊ.

"माजं?" अंबूबाईने विचारलं.

"तुमचं, आजी."

"मंग वाळलं कवा?"

कोणी हसलं नाही. पदूने वाकून आकडा पुन्हा वाचला. गर्दीतल्या एकाने वर आभाळाकडे बघितलं, बहुधा उपग्रह सरकला का ते पाहायला. रुपेश टेंपोपासून चालत टेबलापर्यंत आला.

"ताये," तो म्हणाला, "ह्ये कसं?"

साहेब तिच्या कानाशी आले. त्यांच्या आवाजात अजूनही माया होती. "सांगा, मीटर आजच बिघडला. सकाळी करंट आला म्हणावं. आजचा सगळा माल पास करून टाका, मी सही करतो. परवा एकतीस आहे, मॅडम. कोणाचं काही जाणार नाही."

खरंच कोणाचं काही गेलं नसतं. लोक माल देऊन घरी गेले असते, डिझेलचा कॅन पोत्यातच राहिला असता, लॅमिनेट केलेलं पत्र भिंतीवर राहिलं असतं. आणि उपग्रह पुढच्या हंगामात परत आला असता.

दर्शनाने पर्स उघडली. वही काढली, तक्त्याचं पान उघडलं आणि ती रुपेशच्या हातात दिली. त्याने आधी आकडे बघितले, मग तारीख बघितली, आणि मग तिच्याकडे. ती त्याच्याकडेच बघत बोलली, पण मागच्या ओळीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात. इतक्या मोठ्याने ती या पडवीत कधी बोलली नव्हती.

"मीटर बिघडलेला नाही. तो एसीत गार ठेवतात, आणि तुमचं तापलेलं भात त्यात घातलं की आकडा चढतो. मला हे चोवीस नोव्हेंबरपासून माहीत आहे. तरी मी तुम्हाला वाळवून आणा म्हणत राहिले, नोकरीसाठी. त्या दिवसापासून ज्याला ज्याला मी दुपारी नापास केलं, त्याचं नाव मी आज जिल्ह्याचे साहेब आल्यावर त्यांच्यासमोर लिहून देणार आहे, आणि खाली सही माझी असेल."